मूठ काढून घेतली तेव्हा

सनमायकाची कड छाटणाऱ्या सुताराचा हात एकदा नीट बघा. ट्रिमरचा आवाज चढला की मूठ हलकी होते. लाकडात गाठ आली की हात थबकतो, करपल्याचा वास आला की झपकन पुढे सरकतो. कसं कळतं विचारलं, तर त्याला सांगता येत नाही. हाताला कळते, एवढंच म्हणतो.

हाच ट्रिमर मी संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या सीएनसी यंत्राला लावायला निघालो, तेव्हा ही मूठ आपण काढून घेतोय हे माझ्या ध्यानात नव्हतं.

भंडाऱ्यात घरामागच्या शेडमध्ये माझं एक लहानसं यंत्र आहे. सागाच्या नावाच्या पाट्या, कधी देवघराची जाळी, एवढंच त्याचं काम. सांगाडा जुना घेतलेला. त्यावरचा शिकंजा ८० मिमीचा, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या २.२ किलोवॅटच्या स्पिंडलसाठी केलेला. ते स्पिंडल आणायचं तर मागून त्याचा वेग सांभाळणारा व्हीएफडी, पाण्याचा पंप, नळ्या असं सगळं वऱ्हाड येतं. ट्रिमरची पिन बोर्डात खुपसली की झालं. मकिताच्या आरटी ०७०० या ट्रिमरचं अंग ६५ मिमीचं, आणि छंदाच्या यंत्रांवर तो इतका चालला की ६५ हे एक मापच होऊन बसलं. माझा ट्रिमर स्वस्तातला. व्हर्नियर लावला तर वर ६५, खाली ६४.८. हातात धरणाऱ्याला दोन दशांशांचं काय सोयरसुतक? शिकंज्याला असतं.

८० च्या शिकंज्यात ६५ चं अंग धरायला मध्ये एक कडी हवी. पहिली कडी थ्री-डी प्रिंट करून घेतली, पीएलए प्लास्टिकची. फेब्रुवारीत चोख बसली. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, तासभर चाललेल्या ट्रिमरच्या अंगाला लागून ती मऊ पडली. पीएलए ६० अंशांच्या आसपास सैल होतं हे मला ठाऊक होतं. आपल्याकडचा मे तेवढा हिशेबात धरायचा राहिला. एका ‘निवास’मधला ‘स’ पाटीच्या कडेपर्यंत फराटा ओढत गेला. ती पाटी अजून शेडमध्ये आहे, चहाच्या पातेल्याखाली.

मग लेथवाल्याकडे गेलो. राइस मिलचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे सुटे भाग हे त्याचं रोजचं काम. मी ‘अडॅप्टर, अडॅप्टर’ करत होतो, तो शांतपणे म्हणाला, “म्हंजे बुश पाहिजे.” ट्रिमर हातात फिरवून बघितला आणि वर विचारलं, “मुठीत धराची वस्तू आहे भाऊ, शिकंज्यात कायले धरता?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

बुश कशाचा करायचा यावर मात्र मी अडलो. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. इथली भांडी घरोघरच्या फडताळांवर ओळीने मांडलेली आपण लहानपणी पाहिली आहेत. आपल्या यंत्रात गावचं पितळ असावं असं फार वाटलं. लेथवाल्याने खडू घेतला आणि टेबलावरच गणित मांडलं. बाहेरून ८०, आतून ६५, उंची ५० मिमी: पितळेचा बुश सव्वासातशे ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा २३०. हे वजन यंत्राच्या बारक्या मोटरला दिवसभर वरखाली करावं लागणार. अभिमान तिथल्या तिथे गुंडाळून ठेवला आणि ॲल्युमिनियम घेतलं.

बुश कातून झाल्यावर त्याने तो हॅकसॉने एका बाजूने उभा चिरला. एवढं गुळगुळीत काम डोळ्यांदेखत चिरताना बघून माझ्या पोटात गोळा आला. पण अखंड कडी दबत नाही. बाहेरून शिकंजा कितीही आवळा, आतल्या ट्रिमरला त्याचा पत्ता लागत नाही. चीर असली की ती मुठीसारखी मिटते. राहिले ते दोन दशांश. त्यासाठी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून ट्रिमरच्या खालच्या अंगाला एक वेढा दिला. तो पत्रा साधारण ०.१ मिमी जाडीचा, दोन्ही बाजूंनी मिळून ०.२. इतकं चपखल माप मला बाजारात विकत मिळालं नसतं.

पकड झाली. आता बोट. हातात ट्रिमर असताना लाइट गेली तर माणूस आपसूक बटण मागे सरकवतो. यंत्रावर ते सरकवणार कोण? ग्रबल नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर हे यंत्र चालवतं, २००९ मध्ये एका नॉर्वेजियन माणसाने सुरू केलेलं. पण लाइट गेली की बिटचं टोक कुठल्या जागी होतं ते त्याला आठवत नाही. ट्रिमरचं बटण मात्र चालूवरच असतं. लाइट येते, यंत्र जागा विसरून उभं, आणि बिट सागात रुतलेल्या जागीच गरगरायला लागतं. माझ्याकडे एकदा असं झालं तेव्हा मी घरात जेवत होतो.

यावरचा इलाज शेतकऱ्याला विचारा. पंपाचा हिरव्या-लाल बटणांचा, कॉइलचा स्टार्टर लाइट गेली की सुटतो आणि कोणी हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. रात्री-अपरात्री येणाऱ्या लाइटसाठी धानाच्या बांधावर जायला नको म्हणून लोक त्यावर ‘ऑटो’ बसवतात. मला नेमका तो ऑटो नको होता. २३० व्होल्टच्या कॉइलचा स्टार्टर आणून ट्रिमर त्याच्यावरून घेतला. पंपवाल्या मिस्त्रीने जोडणी करून दिली आणि एवढ्याशा मोटरला स्टार्टर म्हणून पोटभर हसला.

सुताराच्या कानाची जागा आकड्यांनी घ्यायची असते, आणि ती पुरती भरत नाही. मिनिटाला १० हजार फेरे, दोन धारांचं बिट, प्रत्येक धारेने ०.०५ मिमी लाकूड उचलायचं, तर यंत्र मिनिटाला १,००० मिमी सरकलं पाहिजे. सरकण्याचा वेग तोच ठेवून फेरे ३० हजार केले की एका धारेच्या वाट्याला जेमतेम ०.०१७ मिमी येतं. मग बिट कापत नाही, घासतं, आणि साग करपतो. काम बिघडतंय म्हटल्यावर नवशिका हटकून फेरेच वाढवतो. मीही वाढवले होते.

तरी यंत्र चालू असताना मी आता शेडमध्येच बसतो, लाल बटण हाताशी ठेवून. गाठ आली की आवाज बदलतो, तो मला ऐकू येऊ लागला आहे. लेथवाल्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं अजून राहिलंच आहे.

हा खटाटोप तुम्ही करणार असाल तर ट्रिमर घेतानाच खिशात व्हर्नियर न्या आणि अंग तीन ठिकाणी मोजा. आणि बिट बदलण्याआधी पिन बोर्डातून उपसून काढा. स्टार्टर सुटलेला आहे, एवढ्यावर विसंबू नका.