स्वयंपाकघरातील पंचसूना

गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने, म्हणजे पंचसूना, असतात, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, आणि चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ व पाण्याचा घडा ही ती पाचही स्थाने बहुधा स्वयंपाकघराच्या आश्रयानेच नांदतात. ज्या जागेला आपण अन्नपूर्णेचे अधिष्ठान मानतो, त्याच जागेवर स्मृतिकाराने हिंसेचा आरोप ठेवावा, हे प्रथमदर्शनी कठोर वाटते. परंतु सरपणाबरोबर जळालेली वाळवी, धान्याबरोबर भरडला गेलेला सोंडा आणि केरसुणीखाली चिरडलेली मुंगी यांचा जमाखर्च मनाशी मांडू लागले म्हणजे, कोणाच्या तरी प्राणाची किंमत दिल्यावाचून आपल्या ताटात घास पडत नाही, हे मान्य करावेच लागते. या पातकाच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ सांगितले गेले, आणि कावळ्या-मुंग्यांसाठी शिजल्या अन्नाचा बळी काढून ठेवण्याचा शिरस्ता त्यांतूनच घरोघर रूढ झाला.

स्वच्छ स्वयंपाकघरामुळे रोगराई टळते, अन्नाची नासाडी थांबते आणि वेळ वाचतो, हे फायदे सर्वश्रुत आहेत. त्यांचा पाढा येथे वाचण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न असा आहे की, ही स्वच्छता धर्मकृत्य म्हणावी काय, आणि म्हणावयाची तर कोणत्या अर्थाने?

माझ्या मते तो अर्थ अहिंसेत आहे. रात्री खरकटी भांडी मोरीत तशीच टाकून, सांडलेला गूळ न पुसता आणि पिठाचा डबा उघडा ठेवून जो निजतो, तो मुंग्यांना, झुरळांना आणि उंदरांना आपण होऊन आवतण देतो, आणि सकाळी त्याच आगंतुकांवर विषाचा प्रयोग करतो. म्हणजे चूल पेटविताना होणारी हिंसा जर अपरिहार्य असेल, तर ही दुसरी हिंसा केवळ आळसातून जन्मलेली, म्हणूनच अधिक निंद्य होय. जैन घरांतून पाणी गाळून घेतल्यावर गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत हळुवारपणे परत सोडण्याची जी चाल आहे, तिच्यात निर्मळपणा आणि करुणा ही दोन्ही एकाच कृतीत सामावलेली दिसतात. स्वतःपुरते पाणी शुद्ध करून घ्यावे आणि गाळ कोठेही झटकून द्यावा, इतका सोपा मार्ग त्या परंपरेने पत्करला नाही, याबद्दल मला तिचा मोठा आदर वाटतो.

आपल्या समाजात मात्र शुद्धीची कल्पना दुसऱ्याच वाटेने वाढली. आहार शुद्ध असला म्हणजे चित्त शुद्ध होते, या छांदोग्य उपनिषदातील विचाराचा शंकराचार्यांनी व्यापक अर्थ केला: इंद्रिये जे जे आत घेतात ते सर्व आहार, आणि राग, द्वेष व मोह यांचा स्पर्श नसणे ही त्याची शुद्धी. रामानुजांनी आहार म्हणजे अन्नच मानले, आणि अन्नाच्या ठायी जाती (म्हणजे अन्नाचा स्वतःचा प्रकार), आश्रय व निमित्त असे तीन दोष संभवतात, या पूर्वपरंपरेचा आधार घेतला. यांपैकी निमित्तदोष म्हणजे अन्नात केस, धूळ वा उष्टे पडणे. तो झाकण, फडके आणि धुतलेले हात यांनी टाळता येतो. आश्रयदोष म्हणजे ते अन्न कोणाकडून आले याचा विचार. आम्ही काय केले? शंकराचार्यांचा अर्थ पोथीत ठेवला, धुळीकडे डोळेझाक केली, आणि आश्रयदोषाला जन्माची जात चिकटवून त्याचा बंदोबस्त इतका कडेकोट केला की, काजळीने भरलेल्या, माशांनी घोंघावणाऱ्या स्वयंपाकघरातही सोवळे अबाधित राहू लागले. आपला धर्म स्वयंपाकघरात शिरला आहे, अशी विवेकानंदांनी केलेली तक्रार याच रोगाची होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी प्याले, तेव्हा ते तळे 'शुद्ध' करण्यासाठी त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या. शेण आणि गोमूत्र पाण्यात मिसळून पाणी शुद्ध होते असे मानणारी बुद्धी आमच्याच चुलीपाशी पोसली गेली होती. त्याच वर्षी डिसेंबरात महाडासच मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या अन्यायास्तव ते झाले तो अन्याय खरा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही पंचसूनेचा विचार त्या ग्रंथातून वेचून घ्यावासा वाटतो, कारण तो दुसऱ्याला दूर लोटीत नाही, स्वतःकडेच जाब मागतो.

स्वयंपाकघरातील व्यवस्थेलाही स्वच्छतेसारखाच धर्माचा अर्थ आहे. मीठ, हळद, डाळी यांची जागा जेथे ठरलेली असते, डब्यांतील जिन्नस ओळखू येतात आणि वापरलेली वस्तू पुन्हा जागच्या जागी जाते, तेथे घरातील कोणालाही उभे राहून चार घास शिजविता येतात. उलट जेथे सारा कारभार एकट्या गृहिणीच्या स्मरणात साठविलेला असतो, तेथे ती तापाने फणफणली असली तरी तिला अंथरुणातून उठावे लागते. मांडणी नीट लावणे म्हणजे तिच्या डोक्यावरील मुखत्यारीचे ओझे घरभर वाटून देणे होय.

आणि येथेच एक विसंगती मला फार बोचते. पंचसूनेचे पातक शास्त्राने गृहस्थाच्या, म्हणजे पुरुषाच्या नावे मांडले, प्रायश्चित्ताचे यज्ञही त्यालाच सांगितले. केरसुणी आणि पोतेरे मात्र आजन्म स्त्रीच्या हाती राहिले. ज्याच्या नावे ऋण आहे त्याने जेवणानंतर उष्टे काढावे, ओटा पुसावा, रात्री पाण्याच्या घड्यावर झाकण आहे की नाही ते पाहावे, ही माझी मागणी स्त्रीवरील उपकार म्हणून नाही. पुरुषाचेच कर्तव्य त्याच्याकडे परत यावे, इतकीच ती आहे.