नियमात बसलेली उडी

व्हिडिओ गेममधली एखादी उडी कर्त्याच्या मनात नव्हती, पण त्याच्या नियमात बसते. मग ती वैध की लबाडी? 'क्वेक थ्री अरीना' (१९९९) हे याचे ठळक उदाहरण. तिथे धावण्याची मर्यादा सेकंदाला ३२० एकके. पण संगणक एकूण वेग मोजत नाही; कळा ज्या दिशेला नेतात, त्या दिशेपुरताच वेग तपासतो. पुढची आणि बाजूची कळ एकदम धरून माउस हळूहळू वळवत राहिले की त्या दिशेचा वेग मर्यादेखाली भरतो आणि प्रत्येक क्षणी थोडी भर पडत जाते. पाय टेकताच पुन्हा उडी मारली तर जमिनीचे घर्षणही जवळपास लागत नाही. हीच स्ट्रेफ जंप. प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी ती काढून पाहिली, तर साधे चालणेच अवघडल्यासारखे वाटू लागले. शेवटी उडी राहिली.

हेतू आणि नियम यांतली ही फट वेदान्ताला नवी नाही. 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्' हे ब्रह्मसूत्र म्हणते की सृष्टी ही निव्वळ लीला आहे. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार ईश्वराला त्यातून काही साधायचे नसते. श्वासोच्छ्वासासारखी ती सहज चालते.  हाच अद्वैतविचार अंबाजोगाईत समाधी असलेल्या मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू'त मराठीत मांडला. परंपरा त्याचा काळ शके १११० सांगते. जिथे कर्त्याला प्रयोजनच नाही, तिथे प्रयोजनाचा भंग कसा होणार? खेळाच्या कर्त्याला मात्र प्रयोजन असते. पण खेळाडूपर्यंत पोहोचतो तो नियम, कर्त्याचे मन नव्हे. म्हणून 'कर्त्याला हे अभिप्रेत नव्हते' एवढ्यावर स्ट्रेफ जंपला लबाडी ठरवणे पटत नाही.

लबाडीचा प्रश्न उरतो, पण तो खेळाडूंच्या आपसातल्या कराराचा. बर्नार्ड सूट्स यांनी 'द ग्रासहॉपर' (१९७८) मध्ये खेळण्याची व्याख्या केली ती अशी : अनावश्यक अडथळे आपखुशीने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न. खो-खोत मैदानात सूर मारून गडी टिपणे कौतुकाचे ठरते, कारण ती वाट दोन्ही संघांना मोकळी असते आणि सरावाशिवाय साधत नाही. स्ट्रेफ जंपचेही तसेच. आपल्या संगणकात लपवलेली मदतनीस प्रणाली यात बसत नाही. ती अडथळाच टाळते, आणि तेही समोरच्याला न सांगता.

'सुपर मारिओ ६४' (१९९६) मध्ये मारिओला उलट्या तोंडाने पुन्हा पुन्हा लांब उडी मारायला लावली, तर मागच्या दिशेचा वेग अमर्याद वाढत जातो आणि बंद दारेही ओलांडता येतात. इथे उडी नुसती अडथळा ओलांडत नाही, खेळाचा मोठा भागच गाळते. तरीही वेगाने खेळ संपवणाऱ्यांनी तिच्यावर सरसकट बंदी घातली नाही. चांदण्या किती गोळा करायच्या आणि कोणत्या युक्त्या चालतील यावरून वेगवेगळे विभाग केले, आणि विक्रमही वेगळे धरले. निंटेंडोने मात्र १९९७ च्या जपानी 'शिंदोऊ' आवृत्तीत ती उडी काढून टाकली. म्हणून विक्रमासाठी बसणारे खेळाडू आधी आवृत्ती पाहतात.