घाई दाढेला की रजेला?

चार वर्षांचा मुलगा. खालची, मागची दुधाची दाढ किडलेली; गोड खाल्लं की ठणकते, एरवी गप्प. खुर्चीत बसला आणि त्याने ओठ घट्ट मिटले. आई अर्धी रजा टाकून आलेली. "मी हात धरते, तुम्ही आजच उरकून टाका." थोरल्या डॉक्टरांनी पॉलिश करायचा फिरता रबरी कप त्याच्या नखावर टेकवून दाखवला, आरशाने दात मोजले आणि आठवड्याने बोलावलं. धाकट्या डॉक्टरला ते पटलं नाही.

"मॅडम, आईची संमती होती. हीच दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी, खालून येणाऱ्या दाताची जागा तीच राखते, असं आपणच सांगतो ना?"

"सूज असती, ताप असता, तर मीही धरायला लावलं असतं. आज घाई कुणाला होती? दाढेला की रजेला?"

"मग भूल देऊन करायचं."

"एका दाढेसाठी पूर्ण भूल? आठ किडल्या असत्या तर गोष्ट वेगळी. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावू. सुई नाही, ड्रिल नाही, कीड बहुधा थोपते."

"आणि किडलेला भाग काळा पडतो. आईने फोटो बघूनच तोंड वाकडं केलं."

"मागची दाढ कोण बघतंय? (हे मी तिला सांगत नाही, दवाखाना चालवायचाय.)"

"पण भलं कशात, हे चार वर्षांच्या पोराने ठरवायचं?"

"काय करायचं, ते नाही. कधी, ते थोडंफार. पूर्वी रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबायची रीत होती. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने ती २००६ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढली. ती वापरणारे काय दुष्ट होते? तेही भल्यासाठीच करत होते. शिवाय आईने त्याला 'डॉक्टर फक्त बघणार' असं सांगून आणलं होतं. तिला खोटं पाडून मी पुढच्या वेळी त्याला कोणत्या तोंडाने तोंड उघडायला सांगू?"

"अहो, घरी गेलेले कितीजण परत येतात? येतात ते गाल सुजवून."

यावर थोरलीकडे उत्तर नव्हतं. मलाही ते सापडलेलं नाही. तरी माझा कौल थोरलीलाच, मात्र एका अटीवर: पुढची तारीख त्याच दिवशी ठरावी आणि आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून फोन जावा. आणि आईबाबांनो, 'डॉक्टर काहीच करणार नाहीत' असं सांगून मुलाला आणू नका.