पडलेल्याला उचलावे की पडणाऱ्याला धरावे?

वाचकहो, या अंकात एका अशा प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, की जो वरून नगरपालिकेच्या जमाखर्चाचा वाटतो, पण आत शिरून पाहिले तर निव्वळ धर्माचा आहे. प्रश्न असा. गावाच्या तिजोरीत बेघरांसाठी म्हणून काही ठराविक रक्कम आहे आणि ती वाढण्याची आशा नाही. एका बाजूला पुलाखाली पोते अंथरून निजलेला माणूस आहे. दुसऱ्या बाजूला एक बिऱ्हाड आहे. त्याचे तीन महिन्यांचे भाडे थकले आहे आणि ‘एक तारखेला खोली रिकामी करा’ असे मालकाने बजावले आहे. आज ते छपराखाली आहे, महिन्याने असेल की नाही, देव जाणे. तर हा पैसा कुणाला द्यावा? पडलेल्याला उचलावे, की पडणाऱ्याला धरावे?

कुणीही चटकन म्हणेल, “अहो, यात विचारायचे काय? उघड्यावर पडलाय त्याला आधी!” हे उत्तर दयेचे आहे आणि दयेला आम्ही कमी लेखत नाही. परंतु दया डोळ्यांच्या वाटेने येते. पुलाखालचा माणूस दिसतो, म्हणून त्याची दया येते. खोलीत दार लावून, पोरांना निजवून, उद्या मालकाला काय सांगावे या विवंचनेत बसलेली माउली दिसत नाही. तिला मदत झाली आणि तिचे घर टिकले, तरी तेही दिसत नाही. निवारा बांधला की त्याला कोनशिला बसते, हारतुरे होतात. पण जे संकट आलेच नाही त्याची कोनशिला कुठे बसवायची? म्हणून दिसणाऱ्या दुःखाला पैसा मिळतो आणि न दिसणारे दुःख हळूहळू दिसणारे होऊन रस्त्यावर येते.

आधी आपल्या देशात काय आहे ते पाहू. 2011 च्या जनगणनेत साऱ्या देशात 17 लाख 73 हजार बेघर मोजले गेले. त्याच्या दहा वर्षे आधी हा आकडा 19 लाखांवर होता. एकूण आकडा घटला हे खरे, पण शहरांतला आकडा पावणेआठ लाखांवरून सव्वानऊ लाखांच्या वर गेला. म्हणजे खेड्यातले बेघर कमी झाले आणि शहरातले वाढले. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांना बजावले, की लाख वस्तीमागे निदान एक निवारा पाहिजे, तोही बारा महिने आणि चोवीस तास उघडा. 2013 साली केंद्र सरकारने नागरी उपजीविका अभियान सुरू केले, त्यात लाख वस्तीमागे शंभर माणसांची सोय आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा असे प्रमाण ठरविले. प्रमाण ठरले हे चांगलेच झाले. तरी हिशेब करून पाहा. मुंबईची वस्ती 2011 साली सुमारे 1 कोटी 24 लाख होती. त्या प्रमाणाने सोय झाली असती बारा हजारांची, आणि त्या गणनेत मुंबईत बेघर सापडले सत्तावन्न हजारांच्या घरात. नियम अगदी अक्षरशः पाळला असता, तरी पाचांतले जवळजवळ चौघे बाहेरच राहिले असते. शिवाय तो पैसा निवारे बांधण्याचा आणि चालविण्याचा होता. भाडे थकलेल्याला त्याच्या घरात टिकवून धरण्यासाठी त्यात वेगळा कप्पा नव्हता.

आता इंग्लंडचे उदाहरण घेऊ. तिथे हा प्रश्न कायद्यात आणि अंदाजपत्रकात अगदी उघडा पडला आहे. 1977 सालच्या कायद्याने तिथल्या स्थानिक कौन्सिलांवर बेघर कुटुंबांना निवारा देण्याची जबाबदारी आली. 2017 साली आणखी एक कायदा झाला, तो एप्रिल 2018 पासून अमलात आला. त्याने सांगितले, की ज्याचे घर 56 दिवसांच्या आत जाण्याचा धोका आहे, त्याचे घर टिकावे म्हणूनही कौन्सिलने खटपट केली पाहिजे. म्हणजे पडलेल्याला उचला आणि पडणाऱ्यालाही धरा, अशी दोन्ही कर्तव्ये एकाच संस्थेच्या अंगावर आली. मग 2021 पासून या कामासाठी सरकार कौन्सिलांना बेघरी-प्रतिबंधक अनुदान देऊ लागले. नावात ‘प्रतिबंध’ होता. पण पैसा जाऊ लागला तो तात्पुरत्या खोल्यांच्या भाड्यात, कारण दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला ‘नाही’ म्हणता येत नाही. मार्च 2025 अखेर तिथे 1 लाख 31 हजारांवर कुटुंबे अशा तात्पुरत्या जागांत दिवस काढीत होती. खोल्यांचा खर्च वाढला, म्हणून प्रतिबंधाला पैसा उरेना. प्रतिबंध झाला नाही, म्हणून आणखी कुटुंबे दारात आली, आणि खोल्यांचा खर्च पुन्हा वाढला. रहाटगाडग्यासारखे हे चक्र फिरत राहिले. तेव्हा 2025-26 साली सरकारने 63 कोटी पौंडांच्या त्या अनुदानाला एक कुंपण घातले. शेकडा 49 हिस्सा प्रतिबंध, नवे घर मिळवून देण्याची खटपट आणि त्यासाठी लागणारी माणसे यांवरच खर्च करायचा, खोल्यांच्या भाड्याकडे वळवायचा नाही.

हे कुंपण धर्माचे की अधर्माचे? आमच्या शेतकरी वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. दुष्काळाच्या वर्षी घरात धान्य संपत आले आहे, पोरे भुकेली आहेत आणि कोपऱ्यात बियाण्याचे पोते बांधून ठेवले आहे. ते पोते सोडले तर महिनाभर भाकरी मिळेल. न सोडले तर पोरांच्या पोटाला आज चिमटा बसेल, पण पुढल्या मृगाला पेरणी होईल. बियाणे राखणारा बाप निर्दय नव्हे. त्याच्याही पोटात कालवते, पण उद्याची भूकही आपल्याच पोरांची आहे हे त्याला कळते. मात्र, पोर मरणाला टेकले असताना जो ‘बियाणे आहे, हात लावू नका’ म्हणतो, तोही बाप नव्हे. म्हणून कुंपण हवे, पण ते किती आणि कुठे घालायचे, याला विवेक लागतो.

यावर शंका येतात. त्या टाळून चालणार नाही.

पहिली शंका. “पुलाखालचा माणूस बेघर आहे हे निश्चित. खोलीतला होईलच कशावरून? कुणी सोयरा धावून येईल, कुठे काम लागेल. मग निश्चित दुःख सोडून अनिश्चितावर पैसा का घालावा?” ही शंका खरी आहे. अमेरिकेत शिकागो शहरात अडचणीतल्या कुटुंबांना एकवार भाड्याची मदत देण्याची एक व्यवस्था आहे. तिथे निधी कधी असे, कधी संपलेला असे. ज्याने निधी असलेल्या दिवशी विचारले त्याला मदत मिळे, ज्याने नसलेल्या दिवशी विचारले तो रिकाम्या हाताने परते. या योगायोगाचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. निधी असताना विचारणाऱ्यांत पुढल्या सहा महिन्यांत निवाऱ्यात येण्याचे प्रमाण शेकडा 76 ने कमी आढळले. हे वाचून कुणालाही आनंद होईल. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे. ज्यांना निधी नव्हता, त्यांतलेही शंभरातले दोनच्या आसपास निवाऱ्यात आले. बाकीच्यांनी कसेबसे निभावले. म्हणजे मदत उपयोगी पडते हे खरे, आणि पुष्कळशी मदत अशांना जाते की जे पडलेच नसते, हेही खरे. यावरून ‘मदत देऊ नका’ असे ठरत नाही. ठरते ते एवढेच, की जो खरोखर काठावर आहे तो शोधून मदत द्या. रुग्णालयातून सुटला पण जायला ठिकाण नाही, तुरुंगातून बाहेर आला पण भावाने दार लावले, नवरा वारला आणि सासरच्यांनी बाहेर काढले, अशी काठावरची माणसे गावातल्या गावात ओळखता येतात. त्यासाठी कागदापेक्षा चार पावले चालणारा माणूस लागतो. आपल्याकडे तर अधिकच लागतो, कारण इथे गरिबाच्या खोलीचा करारनामा क्वचितच असतो. त्याला लेखी नोटीस येत नाही, एका सकाळी त्याचे सामान बाहेर असते, एवढेच.

दुसरी शंका. “त्यातले पुष्कळ दारुडे, घर सोडून पळालेले. आधी सुधारू द्या, मग घर द्या.” फार दिवस सगळीकडे हाच क्रम होता. फिनलंडने 2008 पासून तो उलटा केला. आधी घर द्यायचे, किल्ली हातात द्यायची, आणि मग व्यसन, आजार, कामधंदा यांसाठी सोबतीला माणूस द्यायचा. रात्रनिवाऱ्यांच्या इमारती त्यांनी खोल्याखोल्यांच्या घरांत बदलल्या. 2008 साली तिथे आठ हजारांवर बेघर होते, 2023 अखेर साडेतीन हजारांच्या आत आले. मात्र 2024 मध्ये, ज्या वर्षी घरभाड्याच्या सरकारी मदतीला कात्री लागली त्याच वर्षी, आकडा पुन्हा 3,800 च्या घरात चढला. म्हणजे हेही काम एकदा करून मोकळे होण्याजोगे नाही. सुधारणेची गोष्ट आम्हांला नवी नाही. दिंडीच्या पंगतीत आलेल्याला आपण आधी पान वाढतो, नावगाव मागाहून विचारतो. ज्याला आज रात्री पाठ कुठे टेकायची हे ठाऊक नाही, त्याला दारू सोडण्याचा उपदेश करणे म्हणजे पुरात वाहणाऱ्याला पोहण्याचे शास्त्र सांगणे होय.

तिसरी शंका आपल्यांतलेच काही घेतील. “निवाऱ्याचे काम धर्मशाळा करीत आल्याच आहेत. दानशूर माणसे आहेत. सरकारी पैशाचे आम्हां वारकऱ्यांना काय?” गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी चार भिंती केल्या नाहीत. 1956 च्या डिसेंबरात ते गेले, धर्मशाळा राहिल्या. त्यांचे थोरपण कोण नाकारील? परंतु धर्मशाळा ही वाटसरूची आहे. आपण वारीत अठरा-वीस दिवस उघड्यावर निजतो, पावसात भिजतो आणि त्यात सुखही मानतो. का मानतो? कारण वारी पुरी झाली की उंबरठा आहे, वाट पाहणारी माणसे आहेत. ज्याची वाट कुठल्याच उंबरठ्याशी संपत नाही, त्याला धर्मशाळा दिली तर ती त्याची वाट लांबवते, संपवीत नाही. आणि दानाची गोष्ट अशी, की दानात देणारा उभा असतो व घेणारा वाकलेला असतो. घरपट्टीतून आलेला पैसा हक्काने मिळाला, तर घेणाऱ्याला वाकावे लागत नाही. जे पुण्य देणाऱ्याचे नावही राखीत नाही, ते आम्हांला कमी प्रतीचे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1981 च्या पावसाळ्यात मुंबईच्या फूटपाथवरील झोपड्या हटवून माणसांना आपापल्या गावी धाडण्याचे ठरले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1985 च्या निकालात न्यायालयाने मान्य केले, की ही माणसे कामाजवळ राहावे म्हणून तिथे राहतात, आणि पोटाचा धंदा हा जगण्याच्या हक्कातच येतो. झोपड्या मात्र पावसाळ्यानंतर काढण्यास मुभा दिली. तत्त्व जिंकले आणि छप्पर गेले. म्हणून पुन्हा घर देताना ते कुठे देतो हेही पाहावे. कामापासून चार कोस दूर नेऊन बसविलेला माणूस आठ दिवसांनी पुन्हा पुलाखाली दिसला, तर तो कृतघ्न ठरत नाही. त्याला पोट आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

मग सिद्धान्त काय? आम्हांला दिसतो तो असा. जो आज रात्री उघड्यावर आहे, त्याच्या डोक्यावर आज रात्री छप्पर पाहिजे. यात उद्याचा हिशेब आड आणू नये. परंतु त्याला छप्पर देण्यात सगळी थैली रिती करू नये. थैलीतला ठरलेला वाटा बियाण्यासारखा बांधून ठेवावा, आणि तो पडणाऱ्याला धरण्यासाठी व पडलेल्याला स्वतःच्या दारापर्यंत नेण्यासाठीच सोडावा. वाटा किती, हे गावागणिक बदलेल आणि वर्षावर्षाला फेरतपासावे लागेल. पण वाटा मुळीच नाही असे मात्र नसावे. आणि यशाची मोजदाद करताना किती खाटा टाकल्या हे न मोजता, किती खाटा कायमच्या रिकाम्या झाल्या, कारण त्यांवरचा माणूस आपल्या घरी गेला, हे मोजावे.

अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा आपल्यांतले किती जण ते पाहतात? रस्ता, गटार, पाणी यांवर आपण तावातावाने बोलतो, बोलावेच. त्या कागदात बेघरांच्या नावाची ओळ आहे का, तीत प्रतिबंधाचा कप्पा आहे का, गेल्या वर्षीचा पैसा खर्च झाला की परत गेला, एवढे तीन प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारायला पांडित्य लागत नाही. आणि आपल्या आळीत ज्याचे भाडे थकले आहे, त्याच्या मालकाशी दोन शब्द बोलायला अंदाजपत्रकाचीही वाट पाहावी लागत नाही. पुष्कळदा महिनाभराची मुदत मिळाली तरी बिऱ्हाड तरते. ती मुदत मागायला शेजाऱ्याने उठावे.

॥ रामकृष्णहरि ॥