धोटा पेटीत येईपर्यंत

घटस्थापनेच्या सकाळी वहिनींनी गोळ्यांची पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली. आमच्या लालबागच्या चाळीत सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मीही केलं, आणि ते आठवलं की आजही जिवाला लागतं.

दादरच्या फूल मंडईबाहेर वहिनी गजरे विकतात. दादा करोनात गेले, त्यानंतर रात्री-अपरात्री त्यांच्या छातीत धडधडायचं, श्वास अडकायचा, आता आपणही जातो असं वाटायचं. एका डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिलं. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी, सकाळी एक, रात्री एक, दोन आठवडे. कित्येक रात्रींनी वहिनी झोपल्या. गोळीचं हे ऋण नाकारून चालणार नाही. पण दोन आठवड्यांची ती चिठ्ठी तीन वर्षं चालली. २०१४ पासून या गोळ्या ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, कुणाला किती दिल्या ते वेगळ्या वहीत लिहायचं, वही ३ वर्षं जपायची, असा नियम आहे. वहिनींच्या चिठ्ठीचे घडीवर फाटून दोन तुकडे झाले होते. ती उघडून बघायला दुकानात कुणाला सवड नव्हती.

पुढे गोळीचा अंमल दिवसाही उतरेनासा झाला. मोगरा तोलताना आकडा डोक्यातून जायचा. एकाच गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे दोनदा दिले जायचे. एकदा जिन्यात पाय घसरला आणि मनगट महिनाभर सुजून राहिलं. शेजारपाजारचे म्हणू लागले, “सवय लागते त्या गोळ्यांची. मन घट्ट कर आणि फेकून दे.” वहिनींनी मन घट्ट केलं.

तिसऱ्या रात्री मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा दिवा बंद होता. उजेड डोळ्यांत खुपत होता. शेजारच्या घरात मिक्सर लागला आणि वहिनींनी कान दाबून धरले. पदर घामानं भिजलेला. दसऱ्याची मागणी होती म्हणून समोर शेवंतीची पाटी होती, पण बोटं अशी थरथरत होती की दोऱ्याची गाठच बसेना. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता.

“आबा, दुखणं परत आलं हो,” त्या सासऱ्यांना म्हणाल्या. “पहिल्यापेक्षा दुप्पट आलं.”

आबा कापडगिरणीत साचेवाले होते, मागावर कापड विणायचे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यांचा साचा जो थांबला तो थांबलाच. ते भिंतीला टेकून बराच वेळ सुनेचे हात बघत बसले.

“गोळी एकदम बंद केलीस?”

“एकदम.”

“अगं, साचा भलत्या वेळी अडला की धोटा ताण्याच्या मधोमध अडकतो. त्यावर फणी येऊन आपटते. शेकडो सुतं एका दमात तुटतात. मग एकेक टोक शोधून गाठी मारत बसायचं, अर्धी पाळी त्यातच जाते. धोटा पेटीत आला की मग साचा थांबवायचा. गोळीतलं मला काही कळत नाही, पण उद्या आपण केईएमला जाऊ.”

ती रात्र आम्ही नुसती बसून काढली. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर २०२२ पासून रात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

सकाळी परळच्या केईएम रुग्णालयात केस पेपर काढला, मनोविकार विभागात नंबर लावला. डॉक्टर वयानं लहान होत्या, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “हा जुना आजार नाही, गोळी अचानक सुटल्याचा झटका आहे. मेंदूला शांत ठेवण्याचं काम तीन वर्षं गोळीनं केलं. मेंदूनं स्वतःचे ब्रेक सैल सोडले. तुम्ही एका सकाळी गोळीचा ब्रेकही काढलात. अशानं एखाद्याला फिटसुद्धा येते. हिंमत कमी पडली असं मनात आणू नका.”

हे शेवटचं वाक्य ऐकून वहिनी रडल्या. तीन दिवसांत त्यांना हे कुणीच म्हटलं नव्हतं.

अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरतं, म्हणून डॉक्टरांनी त्याऐवजी सावकाश उतरणारं डायझेपाम दिलं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं कमी करायचं ठरलं. किती, ते प्रत्येक वेळी त्याच ठरवायच्या. आबा दाढीच्या नव्या ब्लेडनं गोळीचे तुकडे करायचे, स्टीलच्या ताटलीत, चष्मा लावून, भुकटी सांडू न देता. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकोनात मात्रा लिहायचे. मात्रा कमी झाली की चार-पाच दिवस वाईट जायचे. झोप तुटायची, जीव घाबरा व्हायचा. मग अंग सावरायचं. दादांच्या आठवणीनं होणारी धडधड वेगळी आणि ही वेगळी, हे वहिनींना हळूहळू ओळखू येऊ लागलं. त्या पहिल्या धडधडीसाठी डॉक्टर त्यांना दर खेपेला बोलतं करायच्या. दादांचं नाव घेऊन वहिनी मोकळ्या रडल्या त्या तिथेच.

गणपतीत घोडं अडलं. मात्रा पावावर आली होती आणि लालबागेत दिवसरात्र ढोल. आवाजानं त्यांचं काळीज लकलकायचं. “मी हरले,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, “महिनाभर इथेच थांबू. वाढवायची नाही, कमीही करायची नाही.” कालनिर्णयात तीस चौकोनांत एकच आकडा आला. आबांनी तो रोज तितक्याच ठळक अक्षरात लिहिला.

दिवाळीनंतर एका चौकोनात त्यांनी शून्य लिहिलं. पट्टी डब्यात पडली त्याला तेरा महिने झाले होते.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरची मुलगी धावत आली. नोकरीच्या ताणानं तिलाही दीड वर्षापासून गोळ्या चालू होत्या. हातात पट्टी घेऊन ती म्हणाली, “मावशी, तुम्ही सोडल्यात ना? मीही आजपासून बंद.”

वहिनी अबोलीचा वळेसर करत होत्या. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, हात पदराला पुसला, मुलीच्या हातातली पट्टी घेऊन तिच्याच पर्समध्ये परत ठेवली आणि चेन लावली.

“आज रात्रीची घे,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी आपण दोघी जाऊन केस पेपर काढू.”