थांब म्हणणारा

चिखल्याच्या मँगनीज खाणीत मेट, म्हणजे मुकादम, असलेल्या एका माणसाची मुलगी वैमानिक झाली. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचा, गोबरवाहीकडचा हा पट्टा. इथली माणसं जमिनीच्या पोटात उतरून पोट भरतात. पण गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे, आणि १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. त्या धावपट्टीवर आता मुलं विमान चालवायला शिकतात. मुलीने तिथेच २०० तास पुरे केले, नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स असे डीजीसीएचे पेपर एकामागून एक काढले आणि परवाना मिळवला. पुढे एका प्रादेशिक विमान कंपनीत निवड झाली. कंपनीने तिला हैदराबादला ग्राउंड स्कूलला पाठवलं.

परवाना खिशात असला तरी दोन इंजिनांच्या प्रवासी विमानापुढे नवा वैमानिक पुन्हा पहिलीतच बसतो. एटीआर ७२-६०० चं वीज, इंधन, हायड्रॉलिक्स, पंखावर साचणारा बर्फ, माणसं आणि सामान कुठे बसलं म्हणजे विमानाचा तोल कुठे जातो, हे सगळं जमिनीवर शिकायचं. या विमानाला जमिनीवर वीज देणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून ते इंजिन नुसतंच चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. असल्या गोष्टी मुलीला एकदा ऐकल्या की पाठ होत. आकडे विचारले की इतरांच्या वह्या उघडायच्या आत तिचं उत्तर आलेलं असे.

तिचा जोडीदार होता एक अबोल मुलगा. ग्राउंड स्कूलमध्ये जोड्या लावून देतात आणि पुढे सिम्युलेटरमध्येही तीच जोडी राहते. वर्गाच्या मागच्या भिंतीवर कॉकपिटचं खऱ्या मापाचं चित्र लावलेलं होतं. त्यासमोर दोन खुर्च्या टाकून दोघं संध्याकाळी सराव करत. कागदी स्विच दाबायचे, कागदी लिव्हर ओढायचे. त्याचा वेग कमी होता. तो काही म्हणायला तोंड उघडेपर्यंत तिचा हात पुढच्या स्विचवर गेलेला असे. हळूहळू त्याने तोंड उघडणंच सोडलं.

एके दिवशी शिकवणाऱ्या कॅप्टननी तैपेईचा अपघात सांगितला. ४ फेब्रुवारी २०१५ ला ट्रान्सएशियाचं हेच एटीआर ७२-६०० उडालं आणि थोड्याच वेळात उजवा पंखा आपोआप फेदर झाला, म्हणजे पाती वाऱ्याला कड देऊन उभी राहिली आणि ती बाजू विमानाला ओढेनाशी झाली. डावं इंजिन ठणठणीत होतं, आणि एका इंजिनावर हे विमान उडू शकतं. पण कॅप्टनने डाव्याचाच लिव्हर मागे घेतला आणि पुढे ते चालतं इंजिन बंद केलं. शेजारच्या वैमानिकाने थांबून ताळा करायला सांगितलं होतं, तशी कॉकपिटच्या आवाजाच्या नोंदीत नोंद आहे. चूक उमगली तेव्हा फार उशीर झाला होता. विमानाचा पंख उंच पुलावर आदळला आणि ते नदीत कोसळलं. ५८ पैकी ४३ जण गेले.

मग कॅप्टननी जोडीजोडीने सगळ्यांना चित्रापुढे बसवलं आणि उड्डाणातच इंजिन गेल्याची परिस्थिती दिली. नियम असा, की लिव्हरवर नुसता हात ठेवायचा, कोणता ते नाव घेऊन सांगायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी पाहून होकार द्यायचा आणि मगच ओढायचा. मुलीने नाव घेतलं आणि त्याच दमात कागदावरचा हात मागे आणला. लिव्हर अचूक होता. कॅप्टन म्हणाले, "नापास."

त्या रात्री तिने घरी फोन लावला. आवाजात राग होता. "बाबा, लिव्हर बरोबरच होता. चुकलं असतं तर गोष्ट वेगळी."

बापाला लिव्हर कळत नव्हता, पण तक्रार कळली. पाळी सुरू होताना छत तपासल्याशिवाय तो कोणाला आत सोडत नसे. एका हाताने सळई ठोकायची, दुसऱ्या हाताचा तळवा दगडाला लावून ठेवायचा. खणखणीत वाजलं तर दगड घट्ट. आवाज बद्द आला आणि तळव्याला थरथर लागली, तर तो सुटलेला, आधी पाडून घ्यायचा. सगळी हयात त्याचा कान या आवाजावर तयार झालेला.

"एक गोष्ट सांगतो तुले," तो म्हणाला. "नवा पोरगा आला होता हाताखाली. मी छत ठोकलं, पक्कं वाटलं, चला म्हनलं. त् हा म्हनते, थांबा, मले बद्द आयकू आलं. सारे हासले त्याले. मी थांबलो. पुन्हा सारं ठोकलं, कोपरान्‌कोपरा."

"मग? निघाला सुटलेला दगड?"

"नाही निघाला. छत पक्कंच होतं."

"मग उपयोग काय झाला, बाबा?"

"मी त्याले सगळ्यांसमोर म्हनलं, बरं केलं थांबवलंस. मंग दुसऱ्या दिवशी थांबा म्हनाले तो भेला नाही. हासून सोडून देलं असतं, त् ज्या दिवशी खरंच बद्द वाजलं त्या दिवशी तो गप रायला असता."

फोन ठेवल्यावर मुलगी बराच वेळ जागी होती. तैपेईच्या त्या शेजारच्या वैमानिकाचा विचार तिने वर्गात केलाच नव्हता. तो बोलला होता. आपल्या शेजारचा तर आता बोलतसुद्धा नाही, आणि त्याला गप्प आपणच केलं आहे, हे तिला तेव्हा दिसलं. माझ्या मते तिचं ग्राउंड स्कूल त्या रात्री सुरू झालं. आकडे तर तिला आधीच येत होते.

पुढे सिम्युलेटर सुरू झाला. चौथ्या-पाचव्या सत्रात कॅप्टननी उड्डाणानंतर लगेच डावं इंजिन घालवलं. सिम्युलेटर एका अंगाला ओढू लागला, इशाऱ्याची घंटा वाजायला लागली. मुलीने पाय दाबून विमान सरळ धरलं, डाव्या लिव्हरवर हात ठेवला, नाव घेतलं आणि थांबली. मुलगा पडद्याकडे पाहत होता. "एक मिनिट," तो कसाबसा म्हणाला, "मला उजवं वाटतंय." तिला डावंच आहे याची खात्री होती. तिने हात लिव्हरवरून काढला. दोघांनी दोन्ही बाजूंचा टॉर्क, तापमान, पंख्याचे फेरे मोठ्याने वाचले. डावंच होतं. त्याने होकार दिला, मग तिने लिव्हर मागे घेतला.

सत्रानंतर मुलगा ओशाळून म्हणाला, "माझ्यामुळे वेळ गेला."

"विमान उडतच होतं ना," ती म्हणाली. "बरं केलंस. पुढेही असंच थांबव मला."

कॅप्टन समोर बसून लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण लिहिणं थांबवलं.

त्यानंतरच्या सत्रांत मुलगा गप्प राहिला नाही. इंधनाचा आकडा, उतरायच्या धावपट्टीचा क्रमांक, फ्लॅप्स, कशावरही शंका आली की तो तिला अडवायचा. बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं, आणि दर वेळी ती थांबून पुन्हा पाहायची. दोनदा तिचं खरोखर चुकत होतं.