घराचा खरेपणा

घर खोटे बोलू शकते काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये तो अत्यंत गांभीर्याने विचारला गेला, आणि त्याचे उत्तर आजही सोपे नाही.

श्रॉपशर परगण्यात श्रूजबरी गावाजवळ, सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात क्राँकहिल नावाचा एक बंगला आहे. जॉन नॅश या वास्तुविशारदाने तो १८०२च्या सुमारास, ॲटिंगहॅमच्या जहागिरीच्या कारभाऱ्यासाठी रचला. एका कोपऱ्यात गोल मनोरा, दुसरीकडे चौकोनी, आणि जोडीला कमानींची पडवी. डावी बाजू उजवीसारखी नाही. इटलीच्या खेड्यातले हे रूप नॅशने क्लोद लोरँ या सतराव्या शतकातील चित्रकाराच्या निसर्गचित्रांवरून घेतले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आधी चित्र, मग घर! या अभिरुचीला त्या काळी 'पिक्चरेस्क' म्हणत. जे चित्रात शोभेल, ते सुंदर.

यात वाईट ते काय? घरापुरते पाहिले तर फारसे काही नाही. परंतु डोळ्याला एकदा चित्र शोधण्याची सवय जडली की ती घरापाशी थांबत नाही. या अभिरुचीचा एक आद्य प्रवक्ता विल्यम गिल्पिन हा अँग्लिकन धर्मगुरू होता. वाय नदीच्या प्रवासावरील त्याचे पुस्तक १७८२ साली निघाले. त्या नदीकाठी टिंटर्न येथे सिस्टर्शियन संन्याशांचा ११३१ साली स्थापन झालेला मठ आहे; आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ साली, तो बंद पडला व पुढे मोडकळीस आला. त्याच्या त्रिकोणी भिंती गिल्पिनला फार नीटस वाटल्या. हातोडा जपून चालवला तर दृश्य सुधारेल, असे त्याने सुचवले. त्याच अवशेषांत भिकारी राहत होते. दोन काठ्यांच्या आधाराने सरपटत चालणारी एक गरीब स्त्री संन्याशांचे ग्रंथालय दाखवते म्हणून त्याला घेऊन गेली. ते ग्रंथालय म्हणजे तिचीच ओल आलेली खोली होती. गिल्पिनने तिची दशा लपवली नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण पडझड हेच सौंदर्य ठरले, तर पडझडीत राहणाऱ्याने छप्पर कोणाकडे मागावे?

पिक्चरेस्कवर कडाडून टीका केली ती ऑगस्टस प्युजिनने. गंमत अशी की त्याचे वडील नॅशच्याच कचेरीत नकाशे व चित्रे काढीत. प्युजिनने १८३५ साली कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली, आणि १८४१ साली ख्रिस्ती वास्तुकलेच्या तत्त्वांवर पुस्तक लिहिले. सोय, बांधणी किंवा औचित्य यांसाठी जे आवश्यक नाही ते इमारतीत असू नये, आणि नक्षी ही मूळ बांधणीचीच शोभा असावी, हा त्याचा आग्रह. जुन्या इमारतींचे रम्य रूप कारागिरांनी अडचणींवर केलेल्या मातीतून आले; तेच रूप मुद्दाम आणू गेले तर माणसाने केलेल्या धबधब्यासारखे हास्यास्पद होते, असे तो म्हणे. विटांवर गिलावा चढवून दगडाचा आव आणणे त्याला अप्रामाणिक वाटे. नॅशच्या रीजंट्स पार्कभोवतीच्या इमारती तर नेमक्या तशाच होत्या.

इथे प्युजिन मला जरा कठोर वाटतो. गिलाव्याने पाऊसही अडतो, आणि क्राँकहिलच्या पडवीची सावली कारभाऱ्याच्या घरच्यांना खरीच मिळाली असणार. शिवाय प्युजिनने १८४३-४४ साली रॅम्सगेटच्या समुद्रकाठी स्वतःसाठी बांधलेले 'ग्रेंज' पाहा. विटा उघड्या, खोलीला जिथे हवी तिथे खिडकी, आत प्रार्थनेसाठी छोटे चॅपेल. आणि त्याच्याही बाजू एकमेकींशी जुळत नाहीत, तेही चित्रासारखेच दिसते! रस्त्यावरून पाहणाऱ्याला या दोन घरांतला भेद कळणार नाही. भेद आहे तो क्रमाचा. एकात राहणे दिसण्याच्या मागून आले, दुसऱ्यात दिसणे राहण्याच्या मागून. लोकांनी पाहावे म्हणून दिलेले दान आणि देताना कोणाच्या तरी दृष्टीस पडलेले दान, यांतही बाहेरून फरक कुठे दिसतो? घेणाऱ्याला मात्र तो बहुधा जाणवतो.

शेजारचे सेंट ऑगस्टीन चर्च प्युजिनने स्वतःच्या पैशाने उभारले. १८५२ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो ग्रेंजमध्येच वारला. त्या घरालाही मनोरा आहे. गुडविनच्या वाळूत रुतलेली जहाजे दिसावीत म्हणून प्युजिन तिथून समुद्र न्याहाळी, आणि मदतीला जाण्यासाठी त्याने नावही ठेवली होती. अशा जहाजांचा माल वाचवण्यात दोन पैसेही सुटत, हेही खरे.